छायाचित्र-संस्करणाचे मार्गदर्शक ग्रंथ : निवडीची एक कसोटी

उपयुक्त ग्रंथांकडे समीक्षेची दृष्टी सहसा वळत नाही. पाकशास्त्र, शिवणकाम, यंत्रदुरुस्ती यांवरील पुस्तके वापरण्यासाठी असतात, वाचण्यासाठी नव्हेत, असा समज रूढ आहे. आणि जे वाचावयाचे नाही त्याची चिकित्सा तरी कशाला, असा त्यापुढचा तर्क असतो. हा तर्क वरवर निरुपद्रवी दिसला तरी त्याचा एक परिणाम गंभीर आहे. ज्या ग्रंथांच्या आधारे हजारो माणसे प्रत्यक्ष कृती करतात, तेच ग्रंथ चिकित्सेवाचून राहतात, आणि त्यांची निवड मुखपृष्ठ, जाडी आणि आवृत्तीचा क्रमांक पाहून होते. डिजिटल छायाचित्रांच्या संस्करणासाठी लिहिलेले मार्गदर्शक ग्रंथ हे याचे ठळक उदाहरण होय.

हा प्रश्न केवळ हौशी छायाचित्रकाराचा राहिलेला नाही. इतिहासाचा विद्यार्थी ताम्रपटाचे छायाचित्र घेतो, भाषेचा अभ्यासक हस्तलिखिताची पाने टिपतो, लोकसाहित्याचा संशोधक जत्रेत दोन दिवस राहून शेकडो चित्रे घेऊन परततो. कॅमेऱ्यातून आलेली चित्रे पुढे संगणकावर उजळावी, कापावी, सरळ करावी लागतात. त्यासाठी एखादे सॉफ्टवेअर हाताशी धरावे लागते आणि ते शिकविणारे एखादे पुस्तकही. असे पुस्तक बहुधा इंग्रजी असते, जाड असते व महाग असते. ते कोणत्या गुणावर निवडावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे; परंतु त्या लहानशा प्रश्नात ज्ञान आणि कृती यांच्या संबंधाचा एक जुना वाद दडलेला आहे.

हा वाद छायाचित्रकलेइतकाच जुना आहे. हेन्री पीच रॉबिन्सन याने 1858 मध्ये पाच निगेटिव्ह जोडून 'फेडिंग अवे' हे चित्र सिद्ध केले आणि 1869 मध्ये 'पिक्टोरियल इफेक्ट इन फोटोग्राफी' हा ग्रंथ लिहून चित्ररचनेचे नियम छायाचित्रकारांच्या हाती दिले. पीटर हेन्री इमर्सन याने 1889 च्या 'नॅचरलिस्टिक फोटोग्राफी'मधून त्या नियमबद्धतेवर हल्ला चढविला, आणि थोड्याच काळात स्वतःचे मतही जाहीरपणे मागे घेतले. म्हणजे छायाचित्रात हस्तक्षेप किती करावा, आणि तो नियमाने शिकविता येतो की नाही, हे दोन्ही प्रश्न संगणकाने निर्माण केलेले नाहीत. संगणकाने हस्तक्षेप सोपा केला; आणि जे सोपे होते त्याची पुस्तके वाढतात.

ॲन्सेल ॲडम्स यांच्या 'द कॅमेरा' (1980), 'द निगेटिव्ह' (1981) आणि 'द प्रिंट' (1983) या ग्रंथत्रयीचा निर्देश येथे अपरिहार्य आहे. त्यांच्या या विषयावरील पहिल्या ग्रंथमालेचा आरंभ 1948 सालचा. ही त्रयी तिचेच नवे रूप. या ग्रंथांत नावानिशी सांगितलेले कित्येक कागद आणि रसायने आज बाजारात नाहीत. डार्करूम पाहिलेली नाही असे विद्यार्थी आता पदव्युत्तर वर्गात येतात. तरीही हे ग्रंथ वाचले जातात, आणि केवळ ऐतिहासिक कुतूहलाने नव्हे. ॲडम्स पियानोवादनाचे शिक्षण घेऊन छायाचित्रणाकडे वळलेले. निगेटिव्ह ही स्वरलिपी आणि छापील चित्र हे तिचे वादन, ही त्यांची उपमा सुप्रसिद्ध आहे. 'मूनराइज, हर्नांडेझ' या 1941 मधील एकाच निगेटिव्हवरून त्यांनी अनेक दशके प्रती काढल्या आणि उत्तरोत्तर आकाश अधिकाधिक गडद केले. हा फरक कोणत्याही कोष्टकातून आलेला नाही. एकाच वस्तूकडे पाहण्याची एका माणसाची दृष्टी वयाबरोबर बदलत गेली, आणि तिला कृतीत उतरविण्याचे साधन त्याच्या हाती पक्के होते. साधन नाहीसे झाल्यावरही ग्रंथ टिकतो तो यामुळे.

याच्या उलट स्थिती संगणकीय मार्गदर्शकांची आहे. मराठीत पुस्तकाच्या आणि सॉफ्टवेअरच्या अशा दोन्ही रूपांतरांना 'आवृत्ती' हाच एक शब्द आहे, आणि या क्षेत्रात हा योगायोग अर्थपूर्ण ठरतो. कारण सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली की पुस्तकाची आवृत्ती मेलीच, असे प्रकाशक, विक्रेता आणि ग्राहक तिघेही धरून चालतात. हा समज अगदी निराधार आहे असेही नाही. फोटोशॉपची पहिली आवृत्ती 1990 च्या फेब्रुवारीत निघाली. लेयरची सोय 1994 च्या तिसऱ्या आवृत्तीत आली. कॅमेऱ्याची कच्ची नोंद म्हणजे रॉ फाइल उघडण्याचे ॲडोबीचे 'कॅमेरा रॉ' हे साधन 2003 मध्ये आले आणि 2007 मध्ये लाइटरूमचा जन्म झाला. 2012 मध्ये लाइटरूमच्या चौथ्या आवृत्तीबरोबर रॉ फाइलवर संस्कार करण्याची पद्धतीच बदलली : 'रिकव्हरी', 'फिल लाइट' आणि 'ब्राइटनेस' हे स्लायडर गेले, 'हायलाइट्स', 'शॅडोज' आणि 'व्हाइट्स' हे आले, आणि 'एक्स्पोजर' हे नाव तसेच राहून त्याचे काम मात्र पालटले. 2013 पासून नवे फोटोशॉप केवळ वर्गणीच्या स्वरूपात मिळू लागले; पुस्तक छापखान्यात असतानाच पडद्यावरील पर्याय जागा बदलू लागले. 2017 च्या अखेरीस तर नावांचाच घोळ झाला. तोवर 'लाइटरूम सीसी' म्हणून ओळखले जाणारे सॉफ्टवेअर 'लाइटरूम क्लासिक' झाले आणि जुने नाव एका निराळ्याच नव्या सॉफ्टवेअरला मिळाले. रद्दीच्या दुकानातून 2016 सालचे 'लाइटरूम सीसी'चे पुस्तक स्वस्तात घेणाऱ्या विद्यार्थ्याने ते 'क्लासिक'चे समजून वाचावे. अन्यथा पहिल्याच प्रकरणात तो गोंधळून जाईल.

तेव्हा नवीनतम आवृत्तीचे पुस्तक घ्यावे, हा सल्ला सर्वांत सुलभ आहे, आणि सर्वांत निरुपयोगीही. आज नवे असलेले पुस्तक दोन वर्षांनी जुने होणारच. खरा प्रश्न असा की ते जुने झाल्यावर त्यात काय उरते? यासाठी एक साधी कसोटी लावता येते. पुस्तकातील कोणतेही एक पान घ्यावे आणि त्यावरील मेनूंची, बटणांची, स्लायडरांची सर्व नावे व त्यांपुढील आकडे मनातल्या मनात खोडून टाकावेत. जे वाक्य शिल्लक राहील ते वाचावे. त्यातून चित्राविषयी काही कळत असेल, तर पुस्तक घेण्याजोगे आहे. पान कोरेच राहिले, तर ते पुस्तक नसून पत्ता सांगणारी चिठ्ठी आहे; आणि गल्लीचे नाव बदलले की चिठ्ठी व्यर्थ.

या कसोटीवर प्रथम घ्यावयास हवे ते स्कॉट केल्बी यांचे 2003 सालचे 'द फोटोशॉप बुक फॉर डिजिटल फोटोग्राफर्स', कारण आजच्या बहुसंख्य मार्गदर्शकांचा साचा त्याने पक्का केला. त्याच्या पुढे अनेक आवृत्त्या निघाल्या, लाइटरूमवरही याच धर्तीचे पुस्तक झाले, आणि या लेखकाला लाभलेला वाचकवर्ग या विषयावरील इतर कोणाच्याही वाट्याला क्वचितच आला असेल. पद्धत अशी : छायाचित्रकाराला भेडसावणारी एक अडचण घ्यावयाची, ती सोडविण्याच्या पायऱ्या क्रमाने सांगावयाच्या, प्रत्येक पायरीसोबत पडद्याचे चित्र द्यावयाचे, आणि कोणता आकडा भरावा तेही सांगून मोकळे व्हावयाचे. प्रकरणांच्या आरंभी थट्टामस्करी. सिद्धान्ताचे नाव नाही. विद्वानांनी या पुस्तकांकडे पाहून नाक मुरडणे सोपे आहे, परंतु ते अन्यायाचे होईल. अनोळखी सॉफ्टवेअरसमोर प्रथमच बसलेल्या माणसाला जी धास्ती वाटते, ती घालविण्याचे केल्बी यांचे सामर्थ्य असाधारण आहे. शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी यश मिळवून देणे ही लहान गोष्ट नव्हे.

केल्बी यांच्या पद्धतीचे समर्थन करताना पाकशास्त्राचा दाखला दिला जातो, आणि तो तपासून पाहण्यासारखा आहे. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' 1970 मध्ये प्रसिद्ध झाले आणि वाटी-चमच्याच्या नेमक्या मापांमुळे घरोघर पोहोचले. 'अंदाजाने मीठ' म्हणणाऱ्या परंपरेत ही मापे क्रांतिकारकच होती. मग छायाचित्राच्या बाबतीत माप सांगितले तर बिघडले कोठे? बिघडते ते येथे, की 'रुचिरा' वाचणाऱ्या स्त्रीपाशी किंवा पुरुषापाशी जीभ असते. आमटी कशी लागावी हे तिला आईच्या हातचे जेवून ठाऊक असते; पुस्तक माप देते, निर्णय जीभ देते. छायाचित्राच्या नवशिक्याची 'जीभ', म्हणजे त्याचा डोळा, अजून तयार झालेला नसतो. माप आणि निर्णय ही दोन्ही तो पुस्तकाकडूनच घेतो, आणि सर्वांच्या आमटीला एकच चव येऊ लागते. अतिगडद निळे आकाश, कडांना धार आणलेले चेहरे आणि सर्वत्र सारखाच पसरलेला उजेड ही या शतकातील छायाचित्रांची सामाईक लकब ज्या अनेक कारणांनी झाली, त्यांत हे एक कारण धरावयास हरकत नाही.

आकडा कसा फसवितो, याचे एक उदाहरण विस्ताराने पाहणे अगत्याचे आहे. चित्राला धार आणण्याच्या क्रियेत, म्हणजे शार्पनिंगमध्ये, 'रेडियस' नावाचे एक माप असते. कडेच्या दोन्ही बाजूंना किती पिक्सेल रुंदीची फिकट व गडद किनार निर्माण करावयाची, हे ते ठरविते. 2003 मध्ये लोकप्रिय झालेल्या कॅनन ईओएस 300डी या कॅमेऱ्याचे चित्र 3072 पिक्सेल रुंद असे. ते 12 इंच रुंदीच्या कागदावर छापले तर इंचाला 256 पिक्सेल येतात, आणि एक पिक्सेलची किनार इंचाच्या 256 व्या भागाएवढी होते. आजच्या साध्या कॅमेऱ्याचे चित्र 6000 पिक्सेल रुंद असते. त्याच कागदावर इंचाला 500 पिक्सेल बसतात आणि तीच एक पिक्सेलची किनार जवळजवळ निम्मी होते. म्हणजे त्या काळच्या कोणत्याही पुस्तकाने 'रेडियस एक' असे सांगितले असेल, तर आज ते अक्षरशः पाळणारा विद्यार्थी निम्मीच क्रिया करतो. आणि परिणाम दिसत नाही म्हणून दुसरा आकडा भरमसाट वाढवितो. सॉफ्टवेअर तेच, शब्द तेच, आकडा तोच. कॅमेरा बदलला आणि सूचना असत्य झाली.

ब्रूस फ्रेझर यांची पुस्तके या ठिकाणी निराळी उठून दिसतात. 'रिअल वर्ल्ड कॅमेरा रॉ' (2004) आणि शार्पनिंगवरचे स्वतंत्र पुस्तक (2006) ही त्यांची दोन कामे मुख्य. 2006 च्या डिसेंबरात त्यांचे निधन झाले. शार्पनिंगविषयी त्यांचे म्हणणे असे की ही एक क्रिया नसून तीन आहेत. कॅमेऱ्याच्या यंत्रणेत चित्र जे मऊ पडते त्याची भरपाई ही पहिली. चित्रकर्त्याच्या हेतूनुसार विशिष्ट भागाला उठाव देणे ही दुसरी. आणि चित्र ज्या आकारात, ज्या कागदावर वा पडद्यावर प्रकटणार आहे त्यासाठीची तयारी ही तिसरी. या विवेचनातून सर्व आकडे खोडून टाकले तरी विचार जसाच्या तसा उभा राहतो. 'रेडियस किती' या प्रश्नाचे उत्तर वाचक स्वतः काढू शकतो, कारण ते कशावर अवलंबून आहे हे त्याला कळलेले असते. लाइटरूमच्या अलीकडच्या रूपात प्रारंभीची धार आणि निर्यात करतानाची धार या दोन जागा स्वतंत्र का आहेत, हेही फ्रेझर वाचलेल्याला कोणी सांगावे लागत नाही.

फ्रेझर यांची थोरवी मात्र त्यांच्या एका सदोष विवेचनातून अधिक स्पष्ट होते, आणि समीक्षेच्या दृष्टीने हा भाग सर्वांत उद्बोधक आहे. कॅमेऱ्याचा संवेदक प्रकाश सरळ प्रमाणात मोजतो : प्रकाश दुप्पट, आकडा दुप्पट. बारा बिटांच्या फाइलमध्ये 4096 पायऱ्या असतात; त्यांपैकी 2048 सर्वांत उजळ टप्प्यातच खर्ची पडतात, त्याखालच्या टप्प्याला 1024, त्याखाली 512, आणि गडद छायेच्या वाट्याला मूठभर. यावरून फ्रेझर आणि त्यांचे समकालीन यांनी असे प्रतिपादिले की चित्र शक्य तितके उजळ टिपावे, म्हणजे छायेला अधिक पायऱ्या मिळतील. पुढे या उपपत्तीवर आक्षेप आले. प्रकाशाच्या कणरूपामुळे प्रत्येक मापनात अटळ असा गोंगाट असतो, ज्याला छायाचित्रकार 'नॉइज' म्हणतात. तो बहुधा पायरीच्या उंचीपेक्षा मोठा असल्याने पायऱ्यांच्या संख्येला फारसे महत्त्व उरत नाही. उजळ टिपण्याचा लाभ होतो तो अधिक प्रकाश गोळा झाल्यामुळे, आणि गोंगाटाचे सापेक्ष प्रमाण घटल्यामुळे. म्हणजे सल्ला पुष्कळ अंशी बरोबर, कारण मात्र अपुरे. आता हे खंडन शक्य झाले कशामुळे? फ्रेझर यांनी कारण दिले होते म्हणून. 'उजळ टिपा' एवढेच जो सांगतो त्याचे खंडन कोणी करू शकत नाही. फार तर ते पाळता येते किंवा सोडून देता येते. ज्ञानाच्या क्षेत्रात ज्या ग्रंथाला चुकण्याची सोय आहे त्याचेच नाव घेतले जाते, आणि विद्यापीठीय वाचकाने या विषयातही असाच ग्रंथ मागावा.

डॅन मार्ग्युलिस यांचा स्वभाव वादप्रियतेचा आहे. 'प्रोफेशनल फोटोशॉप' या त्यांच्या ग्रंथाची पहिली आवृत्ती 1994 ची. छपाईच्या व्यवसायातील हा माणूस पडद्यावर काय दिसते यापेक्षा पडद्यामागील आकडे काय सांगतात यावर विश्वास ठेवतो. जे करडे असावयास हवे त्याचे तिन्ही रंगांचे आकडे सारखे आहेत काय, मानवी त्वचेत मॅजेंटाच्या मानाने पिवळा किती, हे प्रश्न तो प्रथम विचारतो. येथेही आकडे आहेतच. परंतु ते स्लायडरपुढे भरावयाचे नसून चित्रातून वाचावयाचे आहेत, हा भेद लक्षात घेतला पाहिजे. वैद्याने नाडी पाहणे आणि औषधाचे माप सांगणे यांत जो भेद आहे तोच हा. त्यांचा लॅब रंगपद्धतीवरील ग्रंथ 2005 च्या सुमारास आला. या पद्धतीत उजेड एका वाहिनीत आणि रंग दोन वाहिन्यांत विभागलेला असतो : एक हिरव्याकडून मॅजेंटाकडे जाणारी, दुसरी निळ्याकडून पिवळ्याकडे. या दोन वाहिन्यांचा कर्व्ह मध्यबिंदू न हलविता उभा केला की एकमेकांत मिसळून गेलेल्या छटा सुट्या होतात. कातळाच्या एकाच तांबूस रंगात पाच रंग दिसू लागतात. एवढ्या एका कल्पनेवर त्यांनी शेकडो पानांचा ग्रंथ उभारला, आणि तो कंटाळवाणा होत नाही, कारण प्रत्येक प्रकरणात एक प्रतिपक्ष उभा असतो. मार्ग्युलिस यांची सर्व मते ग्राह्य आहेत असे मुळीच नाही. सोळा बिटांत काम करण्याला त्यांनी केलेला विरोध बहुसंख्य जाणकारांनी स्वीकारला नाही, आणि पडद्यावरचा त्यांचा अविश्वास चांगल्या पडद्यांच्या काळात काहीसा जुनाट वाटतो. शिवाय नवख्याने हा ग्रंथ प्रथम हाती घेतल्यास तो निराश होण्याचीच शक्यता अधिक. दुसरे पुस्तक म्हणून मात्र त्याला तोड नाही.

उरलेल्यांचा परामर्श थोडक्यात घेता येईल. मार्टिन इव्हनिंग यांची छायाचित्रकारांसाठीची फोटोशॉप-मालिका कोशाच्या जातीची आहे. ती ग्रंथालयात असावी, विद्यार्थ्याने विकत घेऊ नये. जेफ शूई यांनी 'द डिजिटल निगेटिव्ह' (2012) आणि 'द डिजिटल प्रिंट' (2013) ही नावे देऊन ॲडम्स यांचा वारसा उघडच सांगितला आहे. फ्रेझर यांचे काम पुढे चालविणारा हा लेखक गद्यात त्यांच्याइतका नेटका नाही, परंतु विचाराची शिस्त तीच आहे. कॅट्रिन आइसमन यांचे जुन्या छायाचित्रांच्या जीर्णोद्धारावरील पुस्तक (2001) ज्यांच्यापुढे वाळवी लागलेले अल्बम आहेत त्यांच्या कामाचे. ज्या विद्यार्थ्याला वर्गणी परवडत नाही त्याने गिम्प किंवा डार्कटेबल ही विनामूल्य सॉफ्टवेअरे घ्यावीत. त्यांच्यासोबत मिळणाऱ्या पुस्तिका कोरड्या आहेत. पण फ्रेझर वाचून डार्कटेबलसमोर बसणारा विद्यार्थी केल्बी पाठ करून फोटोशॉपसमोर बसणाऱ्यापेक्षा लवकर मार्गी लागेल, कारण त्याला काय शोधावयाचे ते ठाऊक असते.

आतापर्यंतचे विवेचन कौशल्याचे झाले. परंतु या ग्रंथांच्या निवडीत कौशल्यापेक्षा मोठे असे काही पणाला लागलेले असते, आणि ते म्हणजे चित्राची साक्ष. वर्ल्ड प्रेस फोटो या आंतरराष्ट्रीय स्पर्धेने 2010 मध्ये एका विजेत्याचे पारितोषिक रद्द केले; त्याने चित्रातून कोणाच्या तरी पायाचा एक लहानसा तुकडा पुसला होता. 2015 मध्ये याच स्पर्धेत उपान्त्य फेरीपर्यंत पोहोचलेल्या चित्रांपैकी सुमारे 20 टक्के चित्रे संस्करणातील अतिरेकामुळे बाद झाली. बाद झालेल्यांत काही लबाड असतील. परंतु पाचांत एक एवढे प्रमाण लबाडीने भरून निघत नाही. नको असलेला कोपरा इतका गडद करावा की त्यातील वस्तू दिसेनाशी व्हावी, ही क्रिया शिकविणारी पाने पुष्कळ आहेत. ती क्रिया वृत्तचित्रात पुसण्याइतकीच आक्षेपार्ह ठरू शकते, हे सांगणारे पान शोधावे लागते.

त्वचेच्या रंगाचेही असेच आहे. कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना रंग जुळविण्यासाठी जी नमुनाचित्रे पाठवी, त्यांना पहिल्या मॉडेलच्या नावावरून 'शर्ली कार्ड' म्हणत, आणि कित्येक दशके त्यांवर गोऱ्या स्त्रीचेच चित्र असे. निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रियांची कार्डे 1990 च्या दशकात आली. पाश्चात्त्य मार्गदर्शकांतील चेहऱ्यांची उदाहरणे याच परंपरेतून आलेली आहेत, आणि महाराष्ट्रातील लग्नाच्या अल्बमांत नवरीचा चेहरा न सांगताही दोन छटा उजळ होऊन येतो तो अशा उदाहरणांना इकडच्या हौसेची जोड मिळाल्यामुळे. ऊसतोडणी कामगारांच्या तळावर क्षेत्रकार्य करणारा विद्यार्थी 'चेहरा उजळ करा' ही पायरी निमूटपणे पाळू लागला, तर त्याच्या प्रबंधातील चित्रे त्याच्याच मजकुराला खोटे पाडतील.

पुराभिलेखाच्या अभ्यासकापुढील धोका याहून सूक्ष्म आहे. धुळीचा ठिपका पुसणे ही प्रत्येक मार्गदर्शकातील प्रारंभीची, अगदी निर्धास्तपणे शिकविलेली क्रिया. परंतु देवनागरीत ठिपका हे अक्षराचे अंग आहे. शिलालेखाच्या झिजलेल्या ओळीवर शिरोरेषेच्या वर दिसणारा खळगा अनुस्वार आहे की दगडाचा टवका, हे ठरविण्यासाठीच पुष्कळदा ते छायाचित्र घेतलेले असते. डाग भरून काढणारे साधन तेथे शेजारचा पृष्ठभाग आणून बसविते आणि प्रश्नच नाहीसा करते. उत्तर मिळत नाही, पण चित्र स्वच्छ होते. धूळ व ओरखडे आपोआप काढणारी स्कॅनरमधील सोय तर हा निर्णय माणसाला विचारीतही नाही. 2023 मध्ये फोटोशॉपमध्ये आलेल्या 'जनरेटिव्ह फिल'ने यापुढचे पाऊल टाकले. ते शेजारचा तुकडा उचलीत नाही, जे तेथे असू शकेल असे त्याला वाटते ते नव्याने काढून देते. तुटलेल्या ताम्रपटाच्या कोपऱ्यात असे भरलेले अक्षर वाचनीय असेल, सुबक असेल, आणि कोणत्याही राजाच्या कोणत्याही लेखकाने ते कोरलेले नसेल.

या कामासाठी पुस्तक निवडणाऱ्याने म्हणून अनुक्रमणिकेत आणखी एक गोष्ट पाहावी : मूळ फाइल अस्पर्श ठेवून केलेल्या प्रत्येक क्रियेची नोंद कशी राखावी, यावर त्यात स्वतंत्र प्रकरण आहे काय. लाइटरूम, कॅमेरा रॉ आणि डार्कटेबल ही तिन्ही साधने मूळ रॉ फाइलमधील चित्राला धक्का न लावता संस्कारांची यादी वेगळी ठेवू शकतात. ती यादी मजकुराच्या एका लहान फाइलमध्ये साठविता येते आणि कोणालाही उघडून वाचता येते. फ्रेझर आणि शूई यांनी या पद्धतीची मीमांसा चांगली केली आहे, यद्यपि त्यांच्या डोळ्यांसमोर व्यावसायिक छायाचित्रकाराची सोय होती, संशोधकाची साक्ष नव्हती. प्रबंधाच्या परिशिष्टात ताम्रपटाच्या चित्राशेजारी ही यादी छापावयास कोणतीही तांत्रिक अडचण नाही. परीक्षकाने ती मागितली पाहिजे, एवढेच.